तात्या विंचूचा पुढचा एपिसोड कधी?

जुलैमधला रविवार. पिरंगुट ओलांडून कासार आंबोलीकडे आलात की पाऊस पुण्यापेक्षा चांगलाच जोर धरतो, हे पौड रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या कुणालाही विचारा. त्या दिवशी तर बाहेर पडायची सोयच नव्हती. लाइट दोनदा जाऊन आली होती, माझा दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपला होता आणि ज्या मैत्रिणीच्या पासवर्डवर आमचं सगळं बिंज-वॉचिंग चालतं तिने तो बदलला होता. (का बदलला हा वेगळा विषय. तुमच्याही ग्रुपमध्ये अशी एक असेलच.) शेवटी आजीने तिच्या हक्काने टीव्ही लावला आणि कुठल्याशा मराठी चॅनलवर ‘झपाटलेला’ सुरू होता.

माझी आत्येबहीण चौथीत आहे. तिने हा सिनेमा आधी पाहिला नव्हता. ती पहिला अर्धा तास सोफ्यावर होती, नंतर आजीच्या मांडीवर, आणि बाहुली पहिल्यांदा स्वतःहून मान वळवते तिथे थेट आजीच्या पदरात. भीतीने किंचाळायची आणि पुढच्याच मिनिटाला लक्ष्या काहीतरी करायचा की खिदळायची. सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली आणि तिने अगदी सहज विचारलं, “ताई, पुढचा एपिसोड कधी?”

मी हसले. पण नंतर तो प्रश्न डोक्यातून जाईना. तिच्या पिढीला गोष्ट म्हणजे सीझन, आणि जे संपतं ते पुढच्या शुक्रवारपर्यंत. आणि खरंच, तात्या विंचूची आठ भागांची वेब सीरिज आली तर? तुम्ही पाहाल? मी तर पहिल्या रात्री जागून पाहीन. आणि तरी मला त्या कल्पनेची थोडी धास्तीही वाटते. ती का, ते सांगते.

आधी उजळणी. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला 1993 मध्ये, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्या आधी. गुंड तात्या विंचू बाबा चमत्कारकडून मंत्र मिळवतो, इन्स्पेक्टर महेशची गोळी लागून मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा एका बाहुलीत शिरतो. ती बाहुली पोहोचते लक्ष्याकडे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेकडे. आता तात्याला त्या बाहुलीतून सुटून लक्ष्याच्या शरीरात शिरायचंय. मूळ कल्पना 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटाशी मिळतीजुळती, हे गुपित नाही. तिथेही गोळी लागलेला खुनी मंत्र म्हणून खेळण्यातल्या बाहुल्यात शिरतो. त्या बाहुल्याचं नाव चकी.

पण ‘कॉपी आहे’ म्हणून विषय मिटवणाऱ्यांशी माझं पटत नाही. आपल्याकडे आल्यावर त्या गोष्टीला जे घडलं ते मजेशीर आहे. तात्याची बाहुली बनवली रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी 1916 मध्ये अर्धवटरावांना जन्म दिला. म्हणजे बोलक्या बाहुलीला मराठी घरात आधीच पाऊणशे वर्षं झाली होती. ती आपल्या ओळखीची होती, लग्नकार्यात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, दूरदर्शनवर दिसायची. (लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसणारा ससासुद्धा पाध्यांचाच.) त्या ओळखीच्या, हसवणाऱ्या बाहुलीच्या तोंडी एका खुन्याचा आवाज आला, तो दिलीप प्रभावळकरांचा. ‘चौकट राजा’मधला निरागस नंदू साकारून त्यांना तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. अमेरिकेतला चकी दुकानातून विकत आणलेला होता. आपला तात्या घरातल्याच माणसासारखा होता, म्हणून माझी बहीण आजीच्या पदरात गेली.

आता सीरिजकडे येऊ. ही निव्वळ कल्पना म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही, कारण तात्याच्या त्या अमेरिकन भावाची सीरिज होऊन गेली आहे. ‘चकी’ ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या सायफाय आणि यूएसए या चॅनलवर सुरू झाली आणि 2024 पर्यंत तिचे तीन सीझन झाले. ती कशी जमली हे पाहण्यासारखं आहे. ती बनवली डॉन मॅन्सिनीने. 1988 च्या सिनेमाची मूळ गोष्ट त्याचीच, पुढच्या भागांचं लेखनही त्याचंच. चकीचा आवाज पहिल्या सिनेमापासून ब्रॅड डुरिफचा, तोच सीरिजमध्येही. मधल्या काळात, 2019 मध्ये, मॅन्सिनीला बाजूला ठेवून ‘चाइल्ड्स प्ले’चा नवा अवतार आला होता. त्यात चकी म्हणजे बिघडलेला स्मार्ट खेळणा. आवाज मार्क हॅमिलचा, म्हणजे ‘स्टार वॉर्स’चा ल्यूक. तंत्र नवीन होतं, पण गाडी त्या एका सिनेमापुढे गेली नाही. मॅन्सिनीने सीरिजमध्ये ते सगळं सोडलं आणि जुन्या सिनेमांची गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे चालू केली. बाहुलाही शक्य तिथे खराखुरा, हातांनी आणि मोटरींनी हलणारा ठेवला.

हा खऱ्या बाहुलीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते. ‘द डार्क क्रिस्टल’ हा 1982 चा सिनेमा तुम्ही बहुधा पाहिला नसेल. जिम हेन्सन आणि फ्रँक ऑझ यांनी केलेला, एकही माणूस न दिसणारा, संपूर्ण बाहुल्यांचा फँटसी सिनेमा. 2019 मध्ये नेटफ्लिक्सने त्याच्या आधीच्या काळाची गोष्ट सांगणारी दहा भागांची सीरिज आणली. सुरुवातीला काही पात्रं कॉम्प्युटरवर करावीत का, याची चाचणी घेतली गेली. मग ठरलं की बाहुल्याच. कॉम्प्युटर वापरायचा तो आकाश, दूरचे डोंगर, काठ्या आणि माणसं पुसून टाकायला. पाहताना कळतं की या पात्रांना वजन आहे. हाताने हलवलेली वस्तू किंचित चुकते, किंचित उशिरा थांबते, आणि तेवढ्यानेच ती जिवंत वाटते. तात्या विंचू पूर्ण सीजीआयमध्ये आला तर तो चपळ होईल, उड्या मारेल, भिंतीवर चढेल. पण त्याची ती अडखळत वळणारी मान जाईल. आणि आमच्या घरी किंकाळी त्या मानेवरच फुटली होती.

बरं, ‘डार्क क्रिस्टल’चं पुढे काय झालं? सप्टेंबर 2020 मध्ये सीरिजला एमी पुरस्कार मिळाला, आणि त्याच सुमारास दुसरा सीझन होणार नाही हे जाहीर झालं. गोष्ट अर्धवट राहिली.

इथून माझी धास्ती सुरू होते. जुने लाडके फँटसी सिनेमे प्लॅटफॉर्मना हवे असतात, कारण नाव आधीच माहीत असतं, जाहिरातीचा अर्धा खर्च वाचतो. पण प्लॅटफॉर्मचा हिशोब नवीन सबस्क्रायबर किती आले यावर चालतो. पहिल्या महिन्यात जे यायचे ते येतात. त्यानंतर ती सीरिज नुसती सर्व्हरवर ठेवायलाही पैसे लागतात, कारण कलाकारांना, लेखकांना पुनर्प्रक्षेपणाचं मानधन देणं असतं आणि कंपनीच्या ताळेबंदात तिची किंमत दाखवावी लागते.

‘विलो’ची गोष्ट ऐका. 1988 चा सिनेमा, कथा जॉर्ज ल्युकसची, दिग्दर्शन रॉन हॉवर्डचं. बुटका शेतकरी विलो एका तान्ह्या मुलीला दुष्ट राणीपासून वाचवतो. वॉर्विक डेव्हिस हा नट तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्या एफवायच्या पोरांएवढा. चौतीस वर्षांनी, 30 नोव्हेंबर 2022 ला, डिस्ने प्लसवर त्याची सीरिज आली. विलोच्या भूमिकेत तोच वॉर्विक डेव्हिस, आता पोक्त झालेला. आठ भाग झाले. जानेवारीत सीझन संपला. मे 2023 मध्ये कंपनीने खर्चकपातीत डझनावारी शीर्षकं काढून टाकली, त्यात ‘विलो’ही गेली. म्हणजे जेमतेम सहा महिने! तुम्ही म्हणाल, न आवडलेली सीरिज बंद होतेच. बंद होणं वेगळं. ही काढून टाकली, जणू कधी बनलीच नव्हती. सिनेमा मात्र आजही आहे. ज्याच्याकडे डीव्हीडी आहे त्याच्याकडून तो कुणीही नेऊ शकत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण तर त्याहून विचित्र. ‘बाहुबली’ची शिवगामी तरुणपणी कशी होती, यावर आनंद नीलकंठन यांची कादंबरी आहे. तिच्यावरून नेटफ्लिक्सने 2018 मध्ये सीरिज जाहीर केली. शिवगामी होती आपली धुळ्यात जन्मलेली मृणाल ठाकूर, सोबत राहुल बोस, अतुल कुलकर्णी. बरंचसं शूटिंग झालं. मग ते पसंत पडलं नाही म्हणून बाजूला पडलं. नवी टीम, नवी शिवगामी म्हणून वामिका गब्बी, पुन्हा सुरुवात. तेही थांबलं. आजवर कुणाला काही दिसलेलं नाही. कितीतरी महिने तलवार चालवायला शिकलेल्या माणसांचं काम कुठल्यातरी हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. 2024 मध्ये हॉटस्टारवर ‘बाहुबली’ची वेगळीच ॲनिमेशन सीरिज आली, पण तो निराळा मामला.

आता हे सगळं आमच्या सोफ्यावर आणून पाहा. माझ्या बहिणीने तात्या विंचू का पाहिला? कारण तो फुकट आला. कुणी लॉगिन मागितलं नाही, ओटीपी मागितला नाही. तीस वर्षं तो असाच आलाय. आधी थिएटर, मग गावोगावच्या व्हिडिओ-व्हीसीआर, मग केबलवाल्याचा चॅनल, मग सॅटेलाइट टीव्ही, मग फोनवरच्या क्लिप आणि मीम. 1995 मध्ये तो ‘खिलौना बना खलनायक’ नावाने हिंदीतही गेला. आजीने पाहिला, आत्याने पाहिला, मी पाहिला, आता ही पाहतेय. लाडका सिनेमा असा तयार होतो. कुठल्याही एका शुक्रवारी तो लाडका होत नाही, तो पुन्हा पुन्हा आयता समोर येत राहतो आणि एक दिवस आपण त्याचे संवाद पाठ म्हणतो. सीरिज जर वर्षाच्या सबस्क्रिप्शनमागे बंद राहिली आणि सहा महिन्यांनी गायब झाली, तर तिला हे भाग्य मिळणार कुठून?

एक चांगलं उदाहरण मात्र आपल्याकडे आहे. पुण्याचे लेखक सुहास शिरवळकर यांच्या ‘समांतर’ या कादंबरीवर 2020 मध्ये सीरिज आली. एका माणसाला कळतं की त्याच्या हातावरच्या रेषा दुसऱ्या एकाच्या हातावर हुबेहूब आहेत, आणि तो दुसरा जे आधी जगला तेच हा आता जगतोय. दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचं, मुख्य भूमिकेत स्वप्नील जोशी. म्हटलं तर ही फँटसीच. ती आली एमएक्स प्लेयरवर, जाहिराती पाहा आणि फुकट बघा या हिशोबाने. आमच्या भागातल्या कंपन्यांमध्ये शिफ्ट करणारी मुलं ती बसमध्ये बघत होती, हे मला आठवतंय. पुढच्या वर्षी दुसरा सीझनही आला. मराठीत गूढ, अद्भुत काही चालत नाही असं म्हणणाऱ्यांना हे दाखवावं. आणि नुकताच, सप्टेंबर 2025 मध्ये आलेला ‘दशावतार’ही दाखवावा. तिथेही थिएटर भरवणारे प्रभावळकरच.

मग कोठारे मंडळींना सीरिज जमेल का? माझं मत विचाराल तर, मराठीत जर कुणाला जमायची तर त्यांनाच. त्यांच्या निर्मितीसंस्थेने ‘जय मल्हार’ ही मालिका 2014 पासून तीन वर्षं चालवली, त्यात खंडोबाच्या चमत्कारांचे व्हीएफएक्स टीव्हीच्या रोजच्या घाईत केले. लांबलेली अद्भुत गोष्ट काय असते हे त्यांना ठाऊक आहे. 2013 मध्ये त्यांनी ‘झपाटलेला 2’ थ्रीडीमध्ये आणला. तिसऱ्या भागाचंही बोललं जातंय, आणि त्यात एआयच्या मदतीने लक्ष्या पुन्हा दिसेल अशा बातम्या येऊन गेल्या. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्ये गेले. मला हे एआयचं प्रकरण फारसं रुचत नाही. तुम्हाला कदाचित आवडेल. पण लक्ष्याची मजा त्याच्या चेहऱ्यात होती त्याहून जास्त त्याच्या टायमिंगमध्ये होती, आणि ते टायमिंग समोरच्या नटाला पाहून त्या क्षणी सुचलेलं असायचं. मशिन त्याचं तोंड हलवेल. पण महेशने डोळे वटारल्यावर लक्ष्या जो अर्धा सेकंद थांबायचा, तो अर्धा सेकंद कुठून आणणार?

मी लेखिका असते तर दोन गोष्टी नक्की टाळल्या असत्या. पहिली, बाबा चमत्कारचं बालपण. सीरिजवाल्यांना प्रत्येकाचा भूतकाळ सांगायची फार हौस असते. मंत्र कुठून आला, गुरू कोण, कुठल्या गुहेत तप केलं, असे दोन एपिसोड सहज निघतील आणि त्या दोन एपिसोडांत बाबा चमत्कारची सगळी जादू उतरेल. दुसरी गोष्ट, काळोख. हल्ली सगळ्या सीरिज निळ्या-काळ्या अंधारात चालतात. ‘झपाटलेला’ भर दिवसा, अंगणात, लोकांच्या गर्दीत घडतो. बाहुली उन्हात बोलते म्हणून जास्त भीती वाटते.

आणि एक गोष्ट नक्की बदलली असती, ती म्हणजे गाव. 1993 च्या सिनेमातलं गाव आता सापडणं कठीण. आमचंच बघा. कासार आंबोलीला एका बाजूला भातखाचरं आहेत, आवणीच्या दिवसांत अजून चिखलात पाय जातात. दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या शेड, त्यांच्या गेटवर तीन शिफ्टचा भोंगा, भाड्याच्या खोल्यांत बिहारपासून लातूरपर्यंतची माणसं, आणि प्रत्येक वळणावर ‘एनए प्लॉट’चा बोर्ड. प्रवीण तरडे यांनी 2018 मध्ये ‘मुळशी पॅटर्न’मध्ये या जमिनीच्या पैशातून आलेलं रक्त दाखवलं, तेव्हापासून बाहेरच्यांना मुळशी म्हणजे तेवढंच वाटतं. कॉलेजात कुणाला गाव सांगितलं की पुढचा डायलॉग ठरलेला असतो, वैताग येतो. पण विचार करा, अशा गावात तात्या विंचू आला तर? इथे शेजारी कोण राहतो हे कुणाला माहीत नसतं. आत्मा शिरायला नवं शरीर शोधणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा मिळेल? तो शनिवारी एकाच्या अंगात असेल आणि सोमवारी ती खोली रिकामी. आठ एपिसोड लागतील ते यासाठी लागतील.

हे मी बहिणीला सांगितलं तर तिला मुळीच पटलं नाही. तिने तोवर स्वतःचा दुसरा एपिसोड तयारही केला होता. रात्री जेवताना सगळ्यांना ऐकवला. तात्या विंचू घोटवडे फाट्यावर पीएमपीएलच्या बसमध्ये चढतो. बसायला जागा नसते. कंडक्टर त्याला म्हणतो, हाफ तिकीट. तात्या चिडतो, म्हणतो, मी केवढा मोठा गुंड आहे, फुल तिकीट दे! मग कंडक्टर म्हणतो, आधार कार्ड दाखवा.

“मग?” आजीने विचारलं.

“मग काय, त्याच्याकडं आधार कार्डच नाही ना. म्हणून त्याला लक्ष्याचं शरीर पाहिजे.”

आजी घास हातात धरून हसत बसली. ती स्वतः मात्र झोपायला जाताना तिची कापडी बाहुली उचलून बाहेरच्या पडवीत, चपलांच्या स्टँडवर, तोंड भिंतीकडे करून ठेवून आली.